वेळेचा हिशेब आणि पैशाचा हिशेब : दादरच्या खानावळींपासून एक धडा

वेळ वांया घालवूं नये, म्हणजे पैसा आपोआप गांठीस राहतो, असा उपदेश आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकला आहे. हा उपदेश खोटा नाहीं. जो शेतकरी पेरणीच्या दिवसांत उन्हें वर येईपर्यंत झोंपून राहतो, त्याच्या शेतांत तण माजतें, हें कोणास सांगावयास नको. परंतु हा उपदेश अपुरा आहे, आणि अपुरा उपदेश कित्येकदां अन्यायाचा होतो. कारण आपल्या आसपास अशीं पुष्कळ कुटुंबें आहेत कीं, ज्यांत कोणीहि आळशी नाहीं, पहाटेपासून रात्रीपर्यंत सर्वांचे हात चाललेले असतात, आणि तरीहि महिनाअखेर दुकानदाराच्या वहींत त्यांच्या नांवावर बाकी निघतेच. अशांस 'वेळ वांया घालवूं नका' असें सांगणें म्हणजे भुकेल्या मनुष्यास जेवणापूर्वीं हात धुण्याचा नियम शिकविण्यासारखें आहे. त्यांचा वेळ वांया गेलेला नाहीं. त्यांच्या पैशाचे दिवस चुकलेले आहेत.

मग वेळ आणि पैसा यांचा खरा संबंध कोणता ? हें समजून घेण्यासाठीं आज आपण मुंबईस, दादर, परळ व लालबाग या भागांत जाऊं. तो भाग आपणांस परका नाहीं. कोंकणांतून, साताऱ्याकडून व नगराकडून किती तरी घरचीं माणसें पोटासाठीं तिकडे गेलीं, आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर इकडे गांवांतील चुली पेटल्या.

१. पहाटे चारला उठणारी बाई

दादरपासून दक्षिणेकडे परळ, लालबाग, भायखळा येथपर्यंतच्या भागास लोक गिरणगांव म्हणत. कापडाच्या गिरण्या भरांत होत्या तेव्हां तेथें तीन पाळ्या चालत : सकाळीं सातास लागणारी पहिली, दुपारीं साडेतीनला लागणारी दुसरी, व मध्यरात्रीं लागणारी तिसरी. भोंगा झाला कीं चाळींतून माणसांचा लोंढा निघे आणि दुसरा लोंढा परत येई. या कामगारांपैकीं पुष्कळ जण बायकामुलांस गांवीं ठेवून एकटे राहात. एका खोलींत दहा-पंधरा जण पाळीपाळीनें झोंपत. त्यांस शिजवून घालणारें घर म्हणजे खानावळ.

ही खानावळ म्हणजे पाटी लावलेलें हॉटेल नव्हे. चाळींतील एकच खोली, तींतच बाईचें बिऱ्हाड, तिचीं मुलें, आणि तेथेंच वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक. पहिल्या पाळीवाल्यांस निघण्यापूर्वीं भाकरी मिळाली पाहिजे, म्हणून ती पहाटे चारला उठे. ते गेले कीं बाजार, निवडणें, दळण; दुपारीं पहिली पाळी सुटण्याची व दुसरी लागण्याची वेळ एकच, म्हणून दोन्ही पंक्ती एकाच वेळीं; आणि रात्रीं पुनः चूल. घड्याळाचा कांटा जितका नेमानें फिरे तितक्याच नेमानें ही बाई फिरे. भाकरी पांच मिनिटें उशीरां झाली तर एखाद्याची पाळी चुके, आणि पाळी चुकली तर त्याचा रोज जाई. वेळेचें व्यवस्थापन म्हणून आज जी विद्या पुस्तकांतून शिकवितात, ती या बाईस कोणी शिकवावी अशी गरज नव्हती.

असें असतां ती कर्जांत कां होती ? तिला खर्च करण्याचें भान नव्हतें काय ? मुळींच नाहीं. तिचें कारण निराळें होतें. ती जेवण आज घाली, आणि पैसे तिला पुढच्या महिन्यांत मिळत. कारण ज्यास ती जेवूं घाली त्याचाच पगार पुढच्या महिन्यांत होई. आजची डाळ आजच विकत घ्यावयाची, आणि तिचे पैसे येणार महिन्यानें : या दोन दिवसांच्या मधला जो खड्डा, तो तिच्या गरिबीचें मूळ होता.

२. पगाराची तारीख

हा खड्डा कामगारांस फार पूर्वींच दिसला होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं सन १८८४ त मुंबईंत गिरणी कामगारांची संस्था उभी केली, आणि त्याच वर्षीं सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा एक अर्ज तयार झाला. त्यांतील मागण्या लक्षपूर्वक पाहण्यासारख्या आहेत. आठवड्यांतून एक दिवस, रविवारीं, पूर्ण सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा. काम सकाळीं साडेसहास लागून सूर्यास्तास बंद व्हावें. महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत हातीं पडावी. आणि कामावर इजा झाल्यास भरपाई मिळावी.

वाचकहो, या यादींत तासांची मागणी आणि तारखेची मागणी एकमेकींच्या शेजारीं बसलेल्या आहेत. ज्यांनीं हा अर्ज केला त्यांपैकीं पुष्कळांस अक्षरओळखहि नसेल. परंतु वेळेचा प्रश्न आणि पैशाचा प्रश्न हे एकाच वस्त्राचे उभे-आडवे धागे आहेत, हें त्या विणकरांस पक्कें ठाऊक होतें. आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्या. 'पंधरा तारखेच्या आंत' ही त्यांची मागणी होती. अर्थात् प्रत्यक्षांत त्याहूनहि उशीर होत होता. पंधरा तारीख जरी पाळली गेली, तरी महिन्याच्या पहिल्या दिवशीं केलेल्या श्रमाचा मोबदला पंचेचाळीस दिवसांनीं मिळे. त्या पंचेचाळीस दिवसांत कामगार काय खाणार ? उधार खाणार. आणि उधार कोण देणार ? वाणी, सावकार, किंवा स्वतः उधार आणून शिजविणारी खानावळवाली.

कामाचे तास फार असले म्हणजे पैशाचें नुकसान आणखी एका वाटेनें होतें. सन १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हां सूर्यास्ताची मर्यादाहि गेली, आणि कित्येक ठिकाणीं दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. जो मनुष्य अंधारांत जातो व अंधारांत परत येतो, त्यास चार दुकानें हिंडून भाव पाहतां येत नाहींत. चाळीखालचा दुकानदार जो भाव सांगेल व वहींत जें लिहील तें त्यास मान्य करावें लागतें. ज्याच्यापाशीं फावला वेळ नाहीं, तो प्रत्येक वस्तु महाग घेतो. म्हणून सन १८९० त मिळालेली रविवारची सुटी, पुढें कायद्यानें उतरत गेलेले तास, आणि अखेरीस सन १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें ठरलेला आठवड्याचा अठ्ठेचाळीस तासांचा दंडक, हीं केवळ विश्रांतीचीं साधनें नव्हेत. तीं पैशाचींहि साधनें आहेत.

तारखेच्या बाबतींत कायदा यावयास अर्जापासून बावन्न वर्षें लागलीं. सन १९३६ त मजुरी देण्यासंबंधीं कायदा झाला. त्यान्वयें एक हजारांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यानें सात तारखेच्या आंत, व त्याहून मोठ्या कारखान्यानें दहा तारखेच्या आंत, मागील महिन्याची मजुरी दिली पाहिजे असें ठरलें. खड्डा बुजला नाहीं, पण उथळ झाला.

३. व्याज म्हणजे दिवसांचें भाडें

आतां या खड्ड्याची किंमत किती, तें मोजूं. सन १९२९ त व्हिटले साहेबांच्या अध्यक्षतेखालीं हिंदुस्थानांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यास एक रॉयल कमिशन नेमलें गेलें, आणि त्याचा अहवाल सन १९३१ त निघाला. बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोनतृतीयांश कामगार कुटुंबें कर्जांत आहेत, असा त्याचा अंदाज होता. आणि व्याजाचा सर्रास दर दरमहा रुपयास एक आणा असा आढळला होता. एक आणा ऐकावयास लहान वाटतो. पण सोळा आण्यांचा रुपया, म्हणून वर्षाचे बारा आणे. म्हणजे रुपयावर पाऊण रुपया, अर्थात् सालीना शेंकडा पंचाहत्तर.

एका खानावळीचा हिशेब मांडून पाहूं. आंकडे मोजणीस सोपे जावेत म्हणून मानलेले आहेत. रीत मात्र खरी आहे. समजा, बाईचा रोजचा खर्च शंभर रुपये, आणि जेवणारांकडून रोजचे एकशें पंधरा रुपये होतात. म्हणजे रोजची शिल्लक पंधरा, महिन्याची साडेचारशें. धंदा वाईट नाहीं. पण जेवणारे मागील महिन्याचे पैसे या महिन्याच्या दहा तारखेस देतात. दहा तारखेच्या सकाळीं तिचे चाळीस दिवसांचे, म्हणजे चार हजार रुपये बाहेर गुंतलेले असतात. वसुली झाली कीं तीस दिवसांचे मोकळे होतात, आणि चालू महिन्याच्या दहा दिवसांचे, म्हणजे एक हजार, तरीहि गुंतलेलेच राहतात. सरासरीनें पाहिलें तर अडीच हजार रुपये तिच्या हाताबाहेर कायमचे असतात.

हे अडीच हजार तिच्यापाशीं नाहींत. म्हणून ते सावकाराचे आहेत. रुपयास आणा या दरानें त्यांचें दरमहा व्याज एकशें छप्पन्न रुपये पंचवीस पैसे. म्हणजे साडेचारशेंच्या शिल्लकेंतून तिसऱ्या हिश्शाहून अधिक रक्कम, चूल न पेटवितां व पोळपाटास हात न लावतां, दुसराच कोणी घेऊन जातो. त्यानें काय विकलें ? धान्य नाहीं, सरपण नाहीं. त्यानें दिवस विकले. आज आणि दहा तारीख यांच्यामधले दिवस त्यानें भाड्यानें दिले. घराचें जसें भाडें असतें तसें व्याज हें दिवसांचें भाडें होय. ज्याच्या घरीं स्वतःचे दिवस आहेत, म्हणजे पुढच्या महिन्यापुरता पैसा आधींच बाजूस आहे, त्यास तें भाडें द्यावें लागत नाहीं.

याच दादर स्थानकाबाहेर पहाटे भरणारा फुलबाजार पाहा. झेंडूची जी टोपली अंधार असतांना एका भावानें जाते, ती ऊन चढल्यावर त्या भावानें जात नाहीं. वेळ फुलांतून पैसा काढून घेत असतो. अशा नाशवंत मालाचे किरकोळ विक्रेते शहरोशहरीं सकाळीं भांडवल उसनें घेतात व संध्याकाळीं परत करतात. समजा, सकाळीं शंभर घेऊन सायंकाळीं एकशें दहा द्यावयाचे. दहा रुपये फार नाहींत असें वाटतें. पण दहाव्या दिवशीं व्याजच मुद्दलाएवढें झालेलें असतें, आणि शंभर रुपयांचें देणें मात्र होतें तसेंच उभें राहतें. याच विक्रेत्यानें रोज दोन रुपये निराळे ठेवले, तर पन्नासाव्या दिवशीं त्याचें भांडवल त्याचें स्वतःचें होईल. हें करणें सोपें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्या घरीं मूल आजारी आहे त्यास ते दोन रुपयेहि काढतां येत नाहींत. परंतु कोणत्या दिशेस चालावयाचें तें यावरून कळतें.

४. चौदा बायका

आतां मूळ गोष्टीकडे येऊं. सन १९७४ च्या आरंभीं मुंबईंत गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. पगार बंद होता, आणि तरी खानावळवाल्या बायकांनीं कामगारांस उधारीवर जेवूं घातलें. त्यासाठीं त्यांतील कित्येकींनीं स्वतः कर्ज काढलें. गोव्याच्या मुक्तिलढ्यांत भाग घेतलेल्या व पुढें मुंबईंत कामगार चळवळींत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनीं हें जवळून पाहिलें. सर्वांस जेवूं घालणारी बाई स्वतः मात्र सावकाराच्या दारीं उभी, हें त्यांस सहन झालें नाहीं. सन १९७५ त त्यांनीं दादर येथें अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें.

आरंभ चौदा बायकांनीं झाला. बँकेनें कर्ज द्यावयाचें तर तारण पाहिजे, आणि या बायकांपाशीं दागिना उरलेला नव्हता व खोलीहि भाड्याची. तेव्हां त्यांनीं एकमेकींसच तारण केलें : एकीनें हप्ता चुकविला तर बाकीच्यांनीं भरावयाचा. देशांतील चौदा मोठ्या बँका सन १९६९ त सरकारी मालकीच्या झाल्या होत्या, आणि अत्यंत गरिबांस सालीना शेंकडा चार या दरानें कर्ज देण्याची योजनाहि सन १९७२ पासून होती. अशा काळांत हा मार्ग मोकळा झाला, आणि चौदांमागून शेंकडों, पुढें हजारों बायका त्या मार्गानें गेल्या. प्रेमाताईंस सन २००२ त पद्मश्री मिळाली.

या गोष्टीचें मर्म आपल्या वरील हिशेबास लावून पाहा. अडीच हजारांवर शेंकडा चार दरानें महिन्याचें व्याज होतें सुमारें आठ रुपये तेहतीस पैसे. कोठें एकशें छप्पन्न, आणि कोठें आठ ! बाईनें स्वयंपाकांत कांहीं काटकसर केली नाहीं, एक तास अधिक राबली नाहीं, एकहि जेवणारा वाढविला नाहीं. फक्त दिवसांचें भाडें उतरलें. आणि वांचलेल्या व्याजांतून तिनें दरमहा सुमारें दीडशें रुपये मुद्दलास लावले, तर घरखर्चास धक्का न लागतां सतराव्या महिन्यांत तें कर्जच फिटतें. सावकाराच्या दरानें जो पैसा जन्मभर व्याज म्हणून जात राहिला असता, तोच पैसा दीड वर्षांच्या आंत तिला ऋणमुक्त करतो.

येथें दुसरीहि एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहींतर धडा एकांगी होईल. सन १९८२ च्या जानेवारीच्या १८ तारखेस गिरणी कामगारांचा जो संप लागला, त्यांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले, आणि त्या संपानंतर पुष्कळ गिरण्या पूर्ववत् कधीं चालल्याच नाहींत. ज्यांचे सगळे जेवणारे एकाच भोंग्यावर अवलंबून होते त्यांची चूलहि त्यासरशीं थंडावली. तेव्हां मंडळांतील बायकांनीं शिजविलेले पदार्थ निरनिराळ्या ठिकाणीं पुरविण्याचीं कामें घेतलीं, आणि त्या तगल्या. सगळा पैसा एकाच तारखेस व एकाच दारानें येत असेल, तर ती तारीख चुकली कीं सगळेंच चुकतें. आज दादरच्या कोहिनूर गिरणीच्या एका जागेवर उंच इमारत उभी आहे. ती पाहणाऱ्यानें हा अर्धा धडाहि आठवावा.

५. आपल्या गांवांत तीच गोष्ट

कोणी म्हणेल, हें शहराचें झालें. आम्हां शेतकऱ्यांस पगार नाहीं व पाळीहि नाहीं. पण शेतकऱ्याचा खड्डा कामगाराच्या खड्ड्याहून रुंद असतो. कामगाराचे पैसे चाळीस दिवसांनीं येतात. शेतकऱ्याचे आषाढांत पेरलेले मार्गशीर्षांत येतात. वाढीदिढीची जुनी चाल आपणांपैकीं वृद्धांस ठाऊक आहे. आषाढांत एक मण धान्य न्यावयाचें, आणि सुगीस दीड मण परत करावयाचें. पांच महिन्यांस शेंकडा पन्नास. म्हणजे महिन्यास दहा, आणि सालीना शेंकडा एकशें वीस. गिरणीच्या सावकाराचा रुपयास आणा त्यापुढें सौम्यच म्हणावयाचा. शिवाय मण नेला तेव्हां धान्य महाग, आणि दीड मण परत केला तेव्हां सुगीमुळें स्वस्त. म्हणून देणारास कोठें उणें पडलें तर तें तो मापांत भरून काढी.

उलट, कायद्यानें तारीख बांधली म्हणजे काय होतें तेंहि पाहा. सन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें कारखान्यानें ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आंत शेतकऱ्यास पैसे दिले पाहिजेत, आणि उशीर झाल्यास सालीना शेंकडा पंधरा व्याज दिलें पाहिजे. सन १८८४ च्या अर्जांतील पंधरा तारखेचीच ही नात होय. हा हक्क ज्यास ठाऊक आहे त्यानें तो मागावा. एकट्यानें मागितला तर आवाज लहान पडतो. गांवानें मिळून मागितला तर ऐकूं जातो.

६. न मोजलेले तास

खानावळवाल्या बाईच्या हिशेबांत एक रकाना नेहमीं रिकामा राहिला, आणि आपल्या घरच्या हिशेबांतहि तोच रिकामा असतो. तिनें डाळ मोजली, तेल मोजलें, सरपण मोजलें; पण पहाटे चारपासून रात्रीपर्यंतचे स्वतःचे तास मोजले नाहींत. महिन्याची साडेचारशें शिल्लक म्हणजे नफा असें आपण वर म्हटलें. खरें पाहतां ती शिल्लक नफा नव्हे, ती तिची मजुरी होय. रोजचे पंधरा रुपये चौदा तासांवर वांटले, तर तासास एक रुपया सात पैसे पडतात. गिरणी कामगारास रविवार मिळाला, कारण कायद्यानें त्यास कामगार म्हटलें. ज्या बाईच्या भाकरीवर तो कामगार उभा होता तिला रविवार नव्हता. कारण तिचें काम काम म्हणून कोणीं लिहिलेंच नाहीं.

आपल्या घरांतील आईचे, बहिणीचे, सुनेचे पाण्यास जाण्याचे, सरपण आणण्याचे, जनावरांचे तास एकदां कागदावर मांडून पाहावेत. जो खर्च वहींत लिहिला जात नाहीं तो फुकट वाटतो, आणि जें फुकट वाटतें त्याची उधळपट्टी होते. पैशाची उधळपट्टी आपणांस लगेच दिसते. दुसऱ्याच्या वेळेची उधळपट्टी घरांत पिढ्यान् पिढ्या चालते, आणि तिला आपण रीत म्हणतों.

७. काय करावें

पहिलें. आपल्या घरीं पैसा कोणत्या तारखांस येतो व कोणत्या तारखांस जातो, हें एका कागदावर दोन ओळींत लिहा. किती येतो व किती जातो हें पुष्कळ जण लिहितात. कधीं येतो व कधीं जातो हें फार थोडे लिहितात. दोन्ही ओळींत रक्कम सारखी असूनहि तारखा जुळत नसतील, तर त्या घरीं कर्ज होईल.

दुसरें. बचत करतांना 'किती रुपये' असें न म्हणतां 'किती दिवस' असें म्हणा. सात दिवसांचा किराणा आगाऊ घरांत असणें ही पहिली पायरी, एक महिना ही दुसरी, पेरणीचें बियाणें ही तिसरी. मुंबईच्या आगगाडीचा तीन महिन्यांचा पास तीन मासिक पासांपेक्षां सुमारें दहाव्या हिश्शानें स्वस्त पडतो, आणि मासिक पास रोजच्या तिकिटांपेक्षां पुष्कळच स्वस्त. प्रवास तोच, गाडी तीच; ज्याच्यापाशीं पुढचे दिवस आहेत त्यास मोल कमी पडतें, आणि ज्याच्यापाशीं फक्त आजचा दिवस आहे तो सर्वांत अधिक देतो.

तिसरें. व्याजाचा दर कोणीहि दिवसाचा, आठवड्याचा किंवा महिन्याचा सांगितला, तर तो वर्षाचा करून पाहिल्यावांचून हो म्हणूं नका. आज मोबाईलवर घटकाभरांत कर्ज मिळतें. सन २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें अशा कर्जाचा वार्षिक दर कर्ज देण्यापूर्वीं स्पष्ट सांगितला पाहिजे. तो विचारा. जो सांगत नाहीं त्याचें कर्ज घेऊं नका.

चौथें. एकट्यानें जें होत नाहीं तें गटानें होतें. बचत गटांत दरमहा शेंकडा दोन व्याज घेतलें, तर तें सालीना चोवीस होतें. तें कमी नव्हे. पण रुपयास आणा दराच्या तें तृतीयांशहि नाहीं, आणि तें व्याज गटांतच राहतें. मात्र गट तारखेवर जगतो. जेथें हप्त्याची तारीख ढिली झाली तेथें गट मोडला.

पांचवें. तुम्ही स्वतः कोणाचे देणेकरी असाल, शेतमजुराचा रोज, सुताराचें काम, शिवणाचे पैसे, तर ते ज्या दिवशीं ठरले त्या दिवशीं द्या. 'पुढच्या बाजारीं बघूं' असें आपण सहज म्हणतों. आपले ते आठ दिवस त्या घरीं कोणी तरी व्याजानें विकत घेत असतें. जो मजुराचे पैसे अडकवून ठेवतो तो त्याचे पैसे घेत नाहीं असें दिसतें; पण तो त्याचे दिवस घेतो.

खानावळवाल्या बाईची गोष्ट येथें संपते. तिच्यापाशीं उद्योग होता, नेम होता, हिशेबाची बुद्धि होती. तिला उणीव होती ती केवळ चाळीस दिवसांची. ते चाळीस दिवस तिला चौदा जणींनीं मिळून मिळाले. आपल्या गांवांत असे दिवस कोणाला उणे पडत आहेत, आणि ते देणें आपल्या हातीं आहे काय, हा विचार प्रत्येकानें घरीं जाऊन करावा.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या घरीं सर्वांत कठीण आठवडा कोणता ? तो कठीण कां होतो ? पैसा कमी म्हणून, कीं तारीख उशीरां म्हणून ?

२. सन १८८४ च्या अर्जांत तासांच्या मागण्यांसोबत पगाराच्या तारखेची मागणी कां घातली असेल ?

३. आपल्या घरांतील कोणाचे तास कधींच मोजले जात नाहींत ?

४. या आठवड्यांत आपण कोणाचें देणें वेळेवर देऊन त्याचे दिवस त्यास परत करूं शकतों ?